पेटी वाजत नाही, पैसे परत द्या

ठाण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून सारांश देते.

घर बदलायचं ठरलं तेव्हा त्यांनी दिवंगत सासऱ्यांची पेटी विकायला काढली. घरात आता ती कुणी वाजवत नाही. जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन साइटवर फोटो टाकून त्यांनी लिहिलं, ‘जुनी दुहेरी सुरांची पेटी, जर्मन सूर, उत्तम स्थितीत.’ (इथे सूर म्हणजे पेटीच्या आत हवेने वाजणाऱ्या जिभा; दुहेरी म्हणजे दर पट्टीला अशा दोन.) सिंधुदुर्गातल्या एका भजनी मंडळाच्या तरुणाने व्हिडिओ कॉलवर पेटी ऐकली, घासाघीस करून १७,००० रुपये ठरवले आणि यूपीआयने दोन टप्प्यांत पाठवले. पेटी खासगी ट्रॅव्हल्सच्या पार्सलने कणकवलीला गेली, पार्सलचे पैसे त्यानेच भरले. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला: भाता हवा धरत नाही, दोन सूर बोलत नाहीत, आणि आमच्या पेटीवाल्याने उघडून पाहिलं तर सूर जर्मन नाहीतच. सगळे पैसे आणि पार्सलचा खर्च परत द्या, नाहीतर १९३० वर (ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर) तक्रार करीन आणि तुमचा फोटो-नंबर ग्रुपवर टाकीन. यजमानांचं म्हणणं, नंबर ब्लॉक कर, खासगी व्यवहारात परत-बिरत काही नसतं. सासूबाईंचं म्हणणं, पैसे देऊन टाका, पण ह्यांच्या पेटीची बदनामी नको. बाई विचारतात, ‘आम्ही कुणाला फसवलेलं नाही, मग पैसे का परत द्यायचे? आणि द्यायचेच तर आधी पेटी मागवायची की आधी पैसे द्यायचे?’

---

सगळ्यात आधी, यजमानांनी खरंच नंबर ब्लॉक केला असेल तर तो उघडा. कारण पुढे सांगते.

‘आम्ही फसवलेलं नाही’ हे तुमच्या पत्रात तीन ठिकाणी आलंय. माझा त्यावर विश्वास आहे. पण त्या मुलाच्या तक्रारीचा निकाल त्यावर लागत नाही. मनात काही काळंबेरं नसतानाही माणूस चुकीचं सांगू शकतो, आणि सगळं खरं सांगूनही वस्तू बिघडलेली निघू शकते. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये आल्यात, म्हणून तुम्हाला तो मेसेज म्हणजे एक मोठा आरोप वाटतो. त्यात खरं तर तीन वेगळ्या तक्रारी आहेत. भाता गळतो, ही एक. दोन सूर बोलत नाहीत, ही दुसरी. सूर जर्मन नाहीत, ही तिसरी. पहिल्या दोन पेटीच्या तब्येतीबद्दल आहेत, तिसरी तुमच्या जाहिरातीबद्दल आहे. तिन्हींचं उत्तर एकच असेल असं धरून चालू नका.

मी वकील नाही, पण अशी पत्रं बरीच येतात, म्हणून कायद्याचा हा कोपरा थोडा चाळलेला आहे. मालविक्रीचा आपल्याकडचा कायदा १९३० सालचा. (ज्या हेल्पलाइनची धमकी तुम्हाला मिळाली तिचाही नंबर १९३०, हा निव्वळ योगायोग.) या कायद्याचं कलम १६ सांगतं की मालाच्या दर्जाची किंवा उपयुक्ततेची हमी आपोआप लागू होत नाही. ज्याचा तसा माल विकण्याचा धंदा आहे त्याच्यावर ती काही बाबतीत येते. पेट्यांच्या दुकानदाराने गळका भाता विकला तर त्याला विचारता येईल. घरातली एकुलती एक पेटी विकणाऱ्या सूनबाईंवर तशी जबाबदारी कायदा टाकत नाही. इथपर्यंत तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे.

पण त्याच्या आधीचं कलम १५ वेगळं आहे. वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, असं ते म्हणतं, आणि तिथे धंदेवाईक आणि घरगुती असा भेद केलेला नाही. तुम्ही ‘जर्मन सूर’ असं लिहिलंत. ते का लिहिलंत, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत, मनात काय होतं, हे नंतरचे प्रश्न. लिहिलंत, त्याने वाचलं, पैसे दिले. तेव्हा ‘खासगी व्यवहारात काही परत नसतं’ हे वाक्य भात्यापुरतं चालेल, सुरांच्या बाबतीत चालणार नाही.

आता त्या जर्मन सुरांकडे जरा थांबून पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. पेटीचा सूर म्हणजे पितळी पट्टीवर बसवलेली एक पातळ जीभ. पूर्वी हे सूर जर्मनी-फ्रान्सहून यायचे. पुढे गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याला ते बनू लागले आणि आज आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांत पालिताण्याचेच सूर असतात, चांगले असतात. पण जुन्या जर्मन सुरांचं नाव टिकून राहिलं. ज्या घरात जुनी पेटी आहे त्या घरात ‘आमच्या पेटीचे सूर जर्मन आहेत’ असं सांगणारं एक तरी माणूस असतंच. तुम्ही पत्रात प्रामाणिकपणे लिहिलंय की हे तुम्हाला सासूबाईंनी सांगितलं, त्यांना सासऱ्यांनी. सासऱ्यांना कुणी सांगितलं? बहुधा पेटी विकणाऱ्याने. म्हणजे तीन माणसांच्या तोंडून आलेली ऐकीव गोष्ट तुमच्या हातून जाहिरातीत पक्की माहिती होऊन बसली. यात लबाडी नाही. पण पेटी उघडून कुणीच पाहिलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मात्र त्या मुलाच्या पेटीवाल्याने ‘जर्मन नाहीत’ म्हटलं म्हणून तेही लगेच मान्य करायची गरज नाही. सुरांच्या फळीचे, सुरांवर काही छाप असेल तर त्याचे, उजेडात काढलेले स्पष्ट फोटो मागवा. ते ठाण्या-मुंबईतल्या एखाद्या जाणत्या पेटीवाल्याला दाखवा. असंही असू शकतं की मूळ सूर जर्मन होते आणि मधल्या दुरुस्तीत काही बदलले गेले. सासऱ्यांनी पेटी कधी दुरुस्तीला दिली होती का, ते सासूबाईंना विचारा. जो पेटीवाला जुनी पेटी वाईट ठरवतो आणि त्याच दमात ‘माझ्याकडे एक चांगली आहे’ म्हणतो, त्याचा शब्द जरा पारखून घ्यावा. सगळेच तसे असतात असं नाही.

आणि आणखी एक पाहा. तुमच्या दोघांच्या चॅटमध्ये जर्मन सुरांचा विषय कितीदा आला? त्याने पहिल्याच मेसेजमध्ये ‘सूर नक्की जर्मन आहेत ना?’ असं विचारलं असेल आणि तुम्ही ‘हो’ म्हटलं असेल, तर तो पैसे त्यासाठीच देत होता. त्याने फक्त ‘आवाज मोठा आहे का, भजनाला चालेल का’ एवढंच विचारलं असेल, तर जर्मन सुरांचा मुद्दा त्याला आत्ता पेटीवाल्याने सुचवलेला दिसतो. तुमची जबाबदारी दोन्ही बाबतीत राहते, पण किती रुपयांची, हे यावरून ठरवता येईल.

तेच भात्याचं. भाता गळत होता हे तुम्हाला माहीत होतं का? १८७२च्या करार कायद्यात, कलम १७ समजावताना, एका घोड्याचं उदाहरण दिलेलं आहे. लिलावात एकाने सदोष घोडा विकला, दोष त्याला माहीत होता, तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो’, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच धरलं जातं. तेव्हा चॅट वर सरकवत जा आणि बघा, त्याने ‘भाता ठीक आहे ना? हवा धरतो ना?’ असं कुठे विचारलंय का, आणि त्याखाली तुमचं काय उत्तर आहे. अंगठ्याचं चित्र टाकलं असेल तर तेही उत्तरच. ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द मात्र फार ताणले जाणार नाहीत असं मला वाटतं. पेटी न वाजवणाऱ्या घरात उत्तम स्थिती म्हणजे पॉलिश शाबूत आणि पट्ट्या पांढऱ्या. पण भजनी मंडळाचा माणूस ते शब्द कसे वाचणार, याचा विचार लिहिताना करायला हवा होता.

व्हिडिओ कॉलवर तुमच्या मुलीने पट्ट्या वाजवून दाखवल्या, हा तुमचा जमेचा मुद्दा. सगळ्या पट्ट्या वाजवल्या असतील तर ते दोन सूर तेव्हा बोलत होते एवढं कळतं. पण भात्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही, कारण वाजवणारा भाता सतत हलवत असतो. भाता तपासायची रीत अशी: भाता पूर्ण भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही आणि तो किती वेळ फुगलेला राहतो ते पाहायचं. लगेच बसला तर कुठेतरी गळती आहे. ही परीक्षा त्याने मागितली नाही, तुम्ही दाखवली नाही. जुन्या, वर्षानुवर्षं न वाजवलेल्या पेटीचा भाता गळणं हे नवल नाही, आणि भजनी मंडळातल्या माणसाला हे तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

दोन सूर गप्प होण्याचं कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. सुराच्या जिभेखाली धुळीचा कण किंवा भुश्याचा तुकडा अडकला तरी सूर बोलत नाही. बसच्या डिकीतल्या प्रवासात हे सहज होतं. भर पावसात कोकणात गेलेली पेटी ओल धरते, लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, हेही तिथल्या लोकांना नवं नाही. कायद्याने पाहिलं तर माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो साधारणपणे घेणाऱ्याला पोचवल्यासारखाच धरतात. पण पेटी तुम्ही बांधलीत. भाता बंद करून त्याचे खटके लावले होते का? आत फोम होता की जुन्या चादरीत गुंडाळून पाठवली? पत्रात हे लिहिलेलं नाही. चादरच असेल तर वाहतुकीतल्या बिघाडाचा थोडा भार तुमच्याकडे येतो असं मी धरीन. कायदा काही म्हणो.

आता त्याच्या मागणीबद्दल. सगळे पैसे परत मागणं मला जास्त वाटतं. तीन आठवडे पेटी त्याच्याकडे आहे, त्याने ती उघडून घेतली, आणि पत्रावरून दिसतं की मधल्या एका एकादशीच्या भजनाला वाजवलीही. माल ताब्यात घेऊन, वापरून, वाजवी मुदतीत ‘नको’ न म्हटलेल्या माणसाला सहसा माल फेटाळता येत नाही. वर्णन जुळलं नाही म्हणून नुकसानभरपाई किंवा किमतीत सूट मागता येते. तीन आठवडे वाजवी आहेत की नाहीत यावर दोन वकील दोन तास भांडतील. १७,००० रुपयांसाठी तुम्ही ते भांडण ऐकायला जाऊ नये, त्यानेही जाऊ नये. करारावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा ‘गप्प बसलो की विरून जाईल’ असंही समजू नका.

ग्राहक आयोगाची भीती मात्र फारशी धरू नका. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम स्वतःपुरतं, कधीमधी काही विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. दर महिन्याला चार पेट्या घेऊन विकणाऱ्याने मात्र ‘मी खासगी माणूस’ असं म्हणून सुटू नये. असे महाभाग बरेच आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत हमखास ‘घरची वस्तू’ असं लिहिलेलं असतं.

आता १९३०. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार नोंदवायची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार गेली आणि ती प्रथमदर्शनी फसवणुकीची वाटली, तर ज्या खात्यात पैसे आले त्यातली तेवढी रक्कम बँक रोखून ठेवू शकते, आणि कधीकधी अख्खं खातंच अडकतं. मग तुम्ही निर्दोष असूनही पोलीस ठाणं आणि बँक यांच्यात हेलपाटे तुमच्या नशिबी. नंबर ब्लॉक करू नका म्हणाले ते यासाठी. पैसे घेतले, तक्रार आल्यावर नंबर ब्लॉक केला, हे चित्र पोलिसांना ओळखीचं असतं, कारण भामटे नेमकं हेच करतात. याउलट वस्तू खरोखर पाठवलेली आहे, पार्सलची पावती आहे, तक्रारीला उत्तर दिलंय, फोटो मागवलेत, दुरुस्तीचा खर्च विचारलाय, असं चॅट दाखवता आलं तर हा देण्याघेण्याचा वाद आहे हे कुणालाही कळतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू असावा लागतो. तो नव्हता हे दाखवण्याचा उत्तम पुरावा म्हणजे तुमचं आत्ताचं वागणं.

फोटो-नंबर ग्रुपवर टाकण्याची धमकी गैर आहे आणि ती तुम्हाला लागली हे स्वाभाविक आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याला एकदाच, साध्या शब्दांत सांगा, ‘माझा फोटो किंवा नंबर कुठेही टाकू नका, तसं केल्यास मला तक्रार करावी लागेल. बाकी पेटीबद्दल बोलायला मी तयार आहे.’ पुन्हा तो विषय काढू नका. तो उद्धट बोलला म्हणून त्याची जर्मन सुरांची तक्रार खोटी ठरत नाही. तुमच्या पत्रात या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते. धमकीच्या रागात तुम्ही सुरांचा मुद्दा वाचलेलाच नाही, निदान त्याबद्दल एका ओळीपलीकडे लिहिलेलं नाही.

तो स्वतःच भामटा असेल तर? अशी माणसं असतात. वस्तू मिळाल्यावर ‘बिघडलेली आहे’ म्हणायचं, वस्तू परत करायची नाही, पैसे मात्र परत मागायचे. त्यांची लक्षणं साधारण ठरलेली: बिघाडाचा व्हिडिओ देत नाहीत, वस्तू परत पाठवायचं नाव काढत नाहीत, ‘आत्ताच्या आत्ता’ हा धोशा असतो आणि एखादा क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगतात. तुमच्या गिऱ्हाइकाने भात्याचा व्हिडिओ स्वतःहून पाठवलाय आणि पेटी परत न्या असं दोनदा म्हटलंय. मला तो चिडलेला वाटतो, लबाड नाही.

तो का चिडलाय, याचा अंदाज बांधायला कॅलेंडर पुरेसं आहे. गणपती जवळ आलेत. सिंधुदुर्गात त्या दिवसांत घरोघर आरत्या आणि भजनं, डबलबाऱ्या (दोन बुवांचे भजनाचे सामने), मंडळाची पेटी सतत फिरतीवर. मंडळाने वर्गणी काढून पेटी घेतली असेल तर चार लोक त्याला रोज विचारत असणार, ‘काय रे, ही कसली पेटी आणलीस?’ सतरा हजार परत मिळाले तरी एवढ्या कमी दिवसांत दुसरी पेटी शोधणं त्याला सोपं नाही. मला वाटतं त्याला पैशापेक्षा वाजणारी पेटी हवी आहे आणि मंडळात मान खाली जायला नकोय. हे तुम्ही त्याला विचारलेलंच नाही. फोन करा. मेसेजवर माणूस जेवढा कडक वाटतो तेवढा बोलताना नसतो.

तुमच्या घरातल्या दोन सल्ल्यांबद्दलही बोलायला हवं. यजमान म्हणतात एक पैसा द्यायचा नाही, सासूबाई म्हणतात सगळे देऊन टाका. दोन्ही टोकं वाटतात, पण दोघांच्या मनात गोष्ट एकच आहे: पैसे परत देणं म्हणजे आपण खोटे ठरणं. यजमान खोटं ठरायला तयार नाहीत, आणि सासूबाईंना कुणी तसं म्हणायच्या आत विषय मिटवायचाय. मला ही समजूतच मान्य नाही. जी गोष्ट आपण खात्री न करता सांगितली तिच्यामुळे समोरच्याने जास्त मोजले असतील, तर तेवढा फरक देणं हा हिशेब आहे. त्यात सासऱ्यांची इज्जत कुठेच येत नाही. ज्या पेटीवर त्यांनी चाळीस वर्षं अभंग वाजवले ती पालिताण्याची निघाली म्हणून अभंग कमी पडत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर मधला मार्ग धरला असता. पेटी त्याच्याकडेच राहू द्या. त्याच्या पेटीवाल्याकडून भाता आणि दोन सूर दुरुस्त करायचा खर्च कागदावर लिहून घ्यायला सांगा आणि त्या कागदाचा फोटो मागवा. हा खर्च देणं तुमच्यावर बंधनकारक नाही असं मला वाटतं, तरी त्यातला निम्मा द्या, कारण ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द तुमचे होते आणि बांधणीही तुमची. सुरांसाठी वेगळा हिशेब करा. तीच पेटी ‘सूर कुठले ते माहीत नाही’ असं लिहून विकली असती तर तुम्हाला किती मिळाले असते? एखाद्या जाणत्या पेटीवाल्याला हा आकडा विचारा आणि १७,००० मधला फरक काढा. दोन्ही मिळून तीन-चार हजारांच्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे, पण खरा आकडा त्या दोन कागदांवरून ठरवा, माझ्यावरून नको. फोटो पाहून सूर खरोखर जर्मनच निघाले तर दुसरा हिशेब उरत नाही. पण निम्म्या दुरुस्तीचा शब्द तरीही पाळा.

फोनवर बोलणं झालं की लगेच ते लिहून पाठवा. साधारण असं:

‘नमस्कार. आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे लिहिते. सूर जर्मन असल्याचं आम्ही घरच्यांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, उघडून पाहिलं नव्हतं. तुमच्या पेटीवाल्याचे फोटो आम्ही इथे दाखवले. दुरुस्तीचा निम्मा खर्च आणि सुरांबद्दलचा फरक मिळून … रुपये मी परत देते. पेटी तुमच्याकडेच राहील. हे मान्य असेल तर कळवा. पैसे मिळाल्यावर या व्यवहाराबद्दल दोघांचंही काही म्हणणं उरलं नाही, एवढी एक ओळ लिहून पाठवा.’

‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवू नका. पैसे ज्या नंबरवरून किंवा खात्यातून आले होते तिथेच पाठवा, मध्येच ‘माझ्या मित्राच्या नंबरवर टाका’ असं आलं तर थांबा. नंबर स्वतः टाइप करा, समोर येणारं नाव पाहा. त्याने पाठवलेला कोड स्कॅन करायचा नाही, लिंक उघडायची नाही.

तो हटून बसला, ‘नाही, पेटीच परत घ्या’ म्हणाला, तर? मग तुमचा दुसरा प्रश्न येतो, आधी पेटी की आधी पैसे. आधी पेटी. पण त्यालाही हीच धास्ती असणार की पेटी जाईल आणि पैसे येणार नाहीत. त्यामुळे पार्सलचा विचार सोडा. पुन्हा पार्सल म्हणजे पुन्हा आदळआपट आणि नंतर ‘हे आधीच होतं’, ‘नव्हतं’ हा नवा वाद. गणपतीला ठाण्यातून अर्धी सोसायटी कोकणात उतरते. तुमच्या ओळखीतलं कुणी कणकवली-कुडाळकडे जाणारं असेलच. त्या चाकरमान्याने तिथे पेटी पाहावी, व्हिडिओ कॉलवर तुम्हाला दाखवावी, एकेक पट्टी वाजवावी, उघडताना काही तुटलंय का बघावं, आणि पेटी गाडीत ठेवल्याबरोबर तुम्ही पैसे पाठवावेत. दोघांनाही एकमेकांवर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. परत पाठवण्याचा खर्च निम्मा-निम्मा. त्याच्या पेटीवाल्याने काही फोडतोड केली असेल तर तेवढे वजा, पण हे आधीच बोलून ठेवा. आणि हो, ज्या घरातून सामान हलवायचंय त्या घरात पेटी परत येणार, तेव्हा ती ठेवायची कुठे ते आत्ताच ठरवा.

इतर वाचकांसाठीही दोन शब्द, कारण गेल्या काही महिन्यांत शिलाई मशीन, सायकल, लेन्सला बुरशी लागलेला कॅमेरा, अशा पत्रांचा ओघ आहे आणि सगळ्यांचा गाभा हाच. जाहिरात लिहिताना जे स्वतः पाहिलं ते आणि जे ऐकलं ते वेगळं लिहा. ‘सूर जर्मन असल्याचं घरचे सांगतात, आम्ही तपासलेलं नाही’ एवढ्या एका वाक्याने हे पत्र टळलं असतं. ‘आहे तशी विकतोय, परत घेणार नाही’ हे लिहावंच, त्याचा उपयोग होतो, पण चुकीचं वर्णन त्याआड लपत नाही. माहीत असलेला दोष सांगून टाका. गिऱ्हाईक थोडे पैसे कमी करील, पण नंतर फोन करणार नाही. बांधण्याआधी वस्तू चालू असल्याचा आणि बांधतानाचा, असे दोन व्हिडिओ काढून ठेवा. पोचल्यावर दोन-तीन दिवसांत तपासून कळवा, असं घेणाऱ्याला आधीच लिहून पाठवा. घेणाऱ्यांनीही पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढावा, आणि तक्रार असेल तर वस्तू वापरण्याआधी, दुसऱ्याकडून उघडून घेण्याआधी कळवावी. जुनं वाद्य तर जाणकाराला सोबत नेऊन, हातात घेऊन, वाजवूनच घ्यावं. व्हिडिओ कॉलवर पेटीचा सूर कळत नाही, मोबाइलचा स्पीकर कळतो.

सासूबाईंना सुरांबद्दल सांगायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी पत्राच्या शेवटच्या ओळीत ती काळजी डोकावते. माझ्या मते फोटो मागवताना त्यांना सोबत घ्या. पेटी कधी, कुणाकडून घेतली आणि मध्ये कुणी दुरुस्त केली हे फक्त त्यांनाच आठवणार आहे, आणि ती माहिती तुम्हाला आत्ता हवी आहे.

फोन मात्र आजच करा. गणपतीच्या तोंडावर कोकणातल्या पेटीवाल्यांकडे कामाची रांग लागते, आणि तुमची पेटी त्या रांगेत मागे राहिली तर तीन-चार हजारांवर मिटणारं प्रकरण पुन्हा सतरा हजारांवर जाईल.